पुढे सरका, माऊली!

आबांचा तोंड मिटलेला एकही फोटो घरात सापडेना.

पहिल्या पुण्यस्मरणासाठी फ्लेक्स करायचा होता. हल्ली नाक्यावर फ्लेक्स लागल्याशिवाय माणूस खरोखर गेला, यावर गावाचा विश्वास बसत नाही. महाडच्या दुकानातलं पोरगं म्हणालं, "काका, चांगला फोटो तेवढा द्या. ढग, मोर, कमळ, विठ्ठल सगळं आमच्याकडे तयार असतं." मी ट्रंकेतून अल्बम काढले. पहिल्या फोटोत आबांचं तोंड उघडं, उजवा हात वर, गळ्यात उपरणं. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात हात डावा, तोंड तेच. आबांनी उभी हयात कीर्तनं केली, आणि ते वरच्या पट्टीत गेले की नेमकी तेव्हाच फोटोवाल्याला बटण दाबायची हुक्की यायची. ताईच्या लग्नात भटजी मंगलाष्टकं म्हणतायत आणि त्यांच्या खांद्यावरून आबांचं त्यांच्याहून मोठं तोंड दिसतंय. माझ्या बारशाच्या फोटोत मी पाळण्यात तोंड उघडून रडतोय, शेजारी आबा तोंड उघडून गातायत. आईचं तेवढं मिटलेलं. आम्हा दोघांत तिला संधीच मिळाली नसणार.

"कॉम्प्युटरवर तोंड बंद करून देऊ का?" पोरगं म्हणालं.

"बघ बाबा. आमच्या आईला जन्मात जमलं नाही."

त्यानं पुष्कळ खटपट केली. कुठल्याशा उमेदवाराचे ओठ आणून आबांना बसवले. आबा लगेच नगरपंचायतीला उभे राहिले. शेवटी एसटीचं जुनं ओळखपत्र मिळालं. त्यावर तोंड मिटलेलं होतं, पण पोरगं मान हलवत म्हणालं, "काका, हे बुवा नाही वाटत हो. पोलीस ठाण्याबाहेर लावतात ना फोटो, त्यातले वाटतात." मग उघड्या तोंडाचाच छापला. निदान लोक ओळखतील तरी.

ओळखपत्र एसटीचं, कारण आबा महाड आगारात कंडक्टर होते. पोटासाठी कंडक्टर आणि बाकी सगळ्यासाठी ह.भ.प. कीर्तनकार व्हायचं तर आळंदी गाठावी, जोग महाराजांनी 1917 साली काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षं काढावीत, माधुकरी मागावी, ज्ञानेश्वरी घोकावी, असा रिवाज. आबांची आळंदी म्हणजे वस्तीची गाडी. संध्याकाळी महाडहून सुटायची, पोलादपूरला चहा घ्यायची आणि पुढे कापडे नाहीतर उमरठच्या अंगाला कुठल्या तरी वाडीत मुक्कामाला जायची. ड्रायव्हर-कंडक्टरनं रात्री देवळात पथारी टाकायची आणि भल्या पहाटे पहिली गाडी खाली आणायची.

देवळात झोपायचं खरं, पण तिथे आधीच भजनी मंडळ बसलेलं असायचं. ते उठल्याशिवाय पथारी टाकायला जागा नाही. एका रात्री आबांनी विचार केला, दोन शब्द बोलून यांना मार्गी लावावं म्हणजे पाठ टेकता येईल. उभे राहिले आणि बोलू लागले. ड्रायव्हरकाका पुढे आयुष्यभर सांगायचे, "मंडळ कधीच झोपलं. तुझा बाप काय थांबेना. मला पहाटे स्टेअरिंगवर डुलकी येत होती, तर हा मागून विचारतोय, दृष्टांत कसा वाटला?"

तेव्हापासून दोन्ही नोकऱ्या एकमेकींत शिरल्या. गाडीत कोणी घाईघाईनं दाराशी आला की आबा म्हणत, "उतरायचं सगळ्यांनाच आहे, माऊली. आपलं गाव येऊ तर द्या." हे ऐकण्यात माणूस रमायचा आणि त्याचं गाव निघून जायचं. सुट्ट्या पैशांवर तर त्यांचं स्वतंत्र निरूपण होतं. वर कोणी सुट्टे मागणार नाही, तिथे सगळा हिशेब बंदा रुपयाचा; म्हणून सुट्टे इथेच काढा. तिकिटाचा पंच ते भजनी ठेक्यात वाजवत. मागच्या बाकावरचे म्हातारे त्यावर मान डोलवत आणि त्या नादात तिकीट काढायचं विसरत.

उलट कीर्तनात कंडक्टर जागा व्हायचा. वैकुंठाचं वर्णन रंगात आलंय, बायका डोळे पुसतायत, आणि आबांची नजर देवळाच्या दाराकडे गेली की त्याच सुरात यायचं, "पुढे सरका, माऊली! दारात उभं राहू नका, आत भरपूर जागा आहे!" नवख्या श्रोत्याला हा वैकुंठाचाच भाग वाटायचा. पखवाजवाल्यालाही त्यांनी आगाराची भाषा शिकवली होती. पायानं एकदा टकटक केलं की थांब, दोनदा केलं की सोड. एकदा टाळकऱ्यांत एक नवा पोरगा होता, त्यानं घाबरून विचारलं, "बुवांच्या पायाला मुंगी चावतीय का?"

बाहेरच्यांना वाटतं, बुवाचं काम म्हणजे बोलणं. बोलणं हा त्यातला विसावा. खरं काम म्हणजे सप्ताहाची पत्रिका. आमच्याकडच्या प्रत्येक वाडीला दोन सरकारं असतात. एक ग्रामस्थ मंडळ, जे गावात राहून काम करतं. दुसरं मुंबई मंडळ, जे लालबाग-परळपासून विरारपर्यंत कुठेही राहून पैसे देतं. पैसे देणाऱ्याला वाटतं सप्ताह आपला, खुर्च्या उचलणाऱ्याला वाटतं आपला. दोघांचंही म्हणणं असं की सप्ताह विठ्ठलाचा, फक्त पत्रिकेत नाव वर आमचं हवं. पत्रिका पाहिली तर विठ्ठल कोपऱ्यात अंग चोरून उभा असतो आणि बाकी कागदभर सौजन्य. मंडपाचं सौजन्य, माइकचं सौजन्य, पहिल्या दिवसाच्या चहाचं सौजन्य. एका वाडीत पाण्याच्या टाकीच्या तोटीचं सौजन्य छापायचं राहिलं, तर तोटीवाला सातही दिवस देवळाच्या पायरीवर पाठ करून बसला. त्यानं तोटी काढून नेली नाही, हाच त्याचा परमार्थ.

अशा वेळी बोलावणं आबांना. आबा जायचे, दोन्ही मंडळांचं ऐकून घ्यायचे आणि दोघांनाही एकच सांगायचे, "तुमचंच बरोबर आहे. पण समोरचा लहान आहे, सांभाळून घ्या." दोन्हीकडचे अध्यक्ष सत्तरीचे. दोघंही खूश व्हायचे. मी एकदा म्हणालो, "आबा, हे खोटं आहे." आबा म्हणाले, "खोटं कुठलं? दोघंही लहानच आहेत."

बुवांच्या घरी जन्म घेतला की पुण्य फुकट मिळतं, असा एक गैरसमज आहे. मासे मिळत नाहीत, एवढंच खरं. आबांच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे घरात सुकटीचं नावही निघायचं नाही. आई दासगावची, सावित्रीच्या खाडीकाठची. तिचं बालपण निवट्या-बोंबलांत गेलेलं. लग्नानंतर ती भेंडी चिरायची, पण चिरण्याचा हात माशांचाच. पावसाळ्यात शेजारी बोंबील भाजले की आम्ही भावंडं पाटावर बसल्या बसल्या खोल श्वास घेत दूधभात खायचो. आबांना वाटायचं, पोरं प्राणायाम करतायत.

बाहेर कुठे खाऊ म्हटलं तर अख्खा तालुका पहाऱ्याला. मित्राच्या घरी ताट वाढलं, रश्शाचा वास आला, की त्याची आई दचकायची, "अगो बाय, बुवांचा झील ना ह्यो? उचल त्याच्या पुढचं! पाप कोण फेडंल?" आणि मला गूळशेंगदाणे. ती स्वतः, तिचा नवरा आणि तिची सासू पाप निवांत चघळत असायची. सुट्टीत आबा आम्हाला वाळणकोंडीला न्यायचे. काळ नदीच्या त्या डोहातले मासे वरदायिनी देवीचे, त्यांना कोणी पकडत नाही. लोक चणे-कुरमुरे टाकतात आणि हे भलेमोठे मासे वर येतात. आबा हात जोडायचे. आम्हीही जोडायचो, पण धाकट्याच्या प्रार्थनेत नारळाचं वाटण होतं, हे त्यानं पुढे लग्नानंतर कबूल केलं.

आम्हाला असं उपाशी ठेवणारे हेच गावकरी शिमगा जवळ आला की अंधार पडल्यावर आमच्या मागच्या दारी यायचे. आबांच्या कीर्तनात भारावून माळ घालणारे पुष्कळ होते. माळ घातली की दारू बंद, मटण बंद. भारावलेपण साधारण पुढच्या सणापर्यंत टिकायचं. माळ तोडणं म्हणजे महापाप. मग त्यावर गावानंच तोडगा काढला. माळ तोडायची नाही, बुवांकडे ठेवायची.

"बुवा, चार दिवस ठेवून घ्या. पावणे येणार हायत."

"पाहुण्यांसाठी माळ काढायची?"

"पावण्यांला एकट्यानं खायला लाज वाटती हो."

आबा माळ घ्यायचे. ओटीच्या भिंतीला त्यांनी खुंट्या ठोकल्या होत्या. माळ त्या खुंटीला, माळेला जुनं तिकीट बांधलेलं, तिकिटाच्या मागे नाव आणि पंचनं एक भोक. चार दिवसांनी माणूस यायचा, तोंडाला बडीशेपेचा वास, मान खाली. आबा दुसरं भोक पाडायचे आणि माळ त्याच्या गळ्यात घालायचे. कधी रागावले नाहीत. शिमगा, गौरीचा तिखटाचा नैवेद्य, गटारी हा त्यांचा गर्दीचा हंगाम. गटारीच्या आदल्या रात्री एकही खुंटी मोकळी नसायची. धाकट्यानं एकदा हिशेब मांडला की दर माळेमागे रुपया घेतला तर घराची कौलं बदलता येतील. आबा म्हणाले, "आणि त्या रुपयाचे सुट्टे कोण देणार?"

कीर्तनाची बिदागी म्हणजे शाल, श्रीफळ आणि पाकीट. पाकीट पातळ असायचं. त्यातलंही बरंचसं आबा तिथेच देवळाच्या पेटीत टाकून यायचे. उरली शाल आणि उरला नारळ. आमच्याकडे नारळाची वडी, नारळाची चटणी, नारळाचा भात आणि कशातच नारळ नको म्हटलं तर वरून पेरलेलं खोबरं. पेन्शनीत आल्यावर तर सप्ताहाच्या हंगामात ते रोज एक नारळ घेऊन यायचे. आई म्हणायची, "एखाद्या गावाला सांगा ना, यंदा बुवांना कांदे द्या." शालींना तर अंतच नव्हता. त्या शालींत ऊब नसते, फक्त जर असते. आम्ही भावंडं त्याच पांघरायचो; मेंढ्यांच्या कळपात झोपलो असतो तरी एवढं टोचलं नसतं.

त्या शाली कामाला आल्या 2021 साली. 22 जुलैच्या त्या पावसात सावित्री आणि गांधारी महाडात शिरल्या. तळिये, साखर सुतारवाडी, केवनाळे इथे दरडी कोसळून जे झालं ते या लेखात आणण्याजोगं नाही. महाडात पाणी ओसरल्यावर घराघरांत गुडघाभर चिखल होता आणि कोणाकडे कोरडं कापड नव्हतं. रस्ता मोकळा झाल्या झाल्या आबांनी शालींची ट्रंक टेम्पोत घातली आणि बाजारपेठेत नेऊन वाटली. पुढचे दोन दिवस अख्खी आळी अंगावर जरीच्या शाली घेऊन फावड्यांनी चिखल ओढत होती. मदत घेऊन आलेला एक पुढारी गाडीतून उतरला, एवढे सत्कारमूर्ती एकदम बघून गोंधळला आणि सवयीनं टाळ्या वाजवू लागला. एक म्हातारा फावडं टेकून म्हणाला, "बुवा, शाल झाली. श्रीफळ कुठाय?" आबांनी पिशवीतून नारळ काढून दिला. तोही त्यांनी आणला होता.

त्याच्या कितीतरी आधी, कॉलेजात गेल्यावर मी शहाणा झालो. एका वाडीत आबांनी बांधावरून भांडणाऱ्या भावांचा दृष्टांत सांगितला. समोर दोन सख्खे चुलतभाऊ बसले होते, त्यांचं बांधावरूनच चाललेलं. दोघं घळाघळा रडले. कीर्तन संपलं, दोघं आबांच्या पाया पडले, आणि महाप्रसादाच्या पंगतीत बसता बसता एक दुसऱ्याला म्हणाला, "उद्या मोजणीला येतोस ना?"

घरी येताना मी विचारलं, "आबा, इतकी वर्षं सांगताय, एक तरी सुधारला का?"

आबा चालता चालता थांबले. "नाही रे."

"मग?"

"सुधारले तर पुढच्या वर्षी बोलावतील का?" असं म्हणून ते मोठ्यानं हसले. मग जरा वेळानं म्हणाले, "दोघं एका पंगतीला बसले की नाही? तेवढे दोन तास भावकी थांबली. गाडी काय, डोंगर सपाट करत नाही. वर नेते आणि खाली आणते. रोज."

मी तेव्हा ते आबांचं नेहमीचं बोलणं म्हणून सोडून दिलं. पुण्यस्मरणाच्या दिवशी मात्र लोक ज्या आठवणी सांगत होते, त्यांत निरूपणाचा एक शब्द नव्हता. एकीला आबांनी माहेरचं गाव येईपर्यंत खिडकीची जागा दिली होती. एकाला पैसे नसताना महाडच्या दवाखान्यापर्यंत नेलं होतं आणि तिकीट स्वतःच्या खिशातून फाडलं होतं. एकजण तर हुंदके देत म्हणाला, "बुवांच्या कीर्तनात जी झोप लागायची, तशी वर्षभरात लागली नाय." वैकुंठ, माया, मोक्ष यांतलं कोणालाच काही आठवत नव्हतं. इतक्या रात्रींच्या घशाच्या शिरा वाया गेल्या म्हणावं तर देवळात पाय ठेवायला जागा नव्हती.

कार्यक्रमात पाहुणे वक्ते होते. त्यांनी दोन शब्द बोलावेत असं ठरलं होतं. आमच्या भागात एक अडचण आहे. इतिहास एवढा पडलाय की त्यातून वाट काढून आजच्या माणसापर्यंत पोचता येत नाही. वक्ते रायगडावरून निघाले. 1674 चा राज्याभिषेक सविस्तर झाला. तिथून शिवथरघळीत उतरून दासबोध. मग उमरठला तानाजी मालुसरे. तिथे ते स्वतःच कोंढाण्यावर चढून गेले आणि बराच वेळ खाली येईनात. खाली आले ते पोलादपूरला, परमानंदांच्या समाधीपाशी आणि शिवभारतापाशी. मग महाडला चवदार तळं, 20 मार्च 1927, बाबासाहेब. मग नाते गावचे चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. एवढ्यात मागे भाताच्या पातेल्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. श्रोत्यांच्या माना वळल्या. वक्त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "आणि बुवांविषयी तर मी काय बोलावं!" आणि खरंच काही न बोलता बसले.

मग पंगत. पंगतीत दोन्ही मंडळांचं वाजलं. पुण्यस्मरणाच्या खर्चात बुंदी कोणाची, हा मुद्दा होता. ग्रामस्थ मंडळ म्हणालं, "बुवा आमच्या गावचे." मुंबई मंडळ म्हणालं, "बुंदी आमच्या पैशाची." दोघं माझ्याकडे आले. मी ग्रामस्थ अध्यक्षांच्या कानात म्हणालो, "तुमचंच बरोबर आहे. पण ते लहान आहेत, सांभाळून घ्या." मग मुंबईच्या अध्यक्षांच्या कानात तेच. दोघंही एकमेकांकडे मायेनं बघू लागले. मुंबईच्या अध्यक्षांनी ग्रामस्थांच्या अध्यक्षांना बुंदी वाढली, तीही आग्रहानं, आणि त्यांना मधुमेह आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

पंगती उठल्या, भांडी घासायला गेली, तेव्हा एकजण मागच्या दारी उभा दिसला. ओला, छत्री मिटलेली, मान खाली.

"बुवांकडं माझी माळ हुती."

मी ओटीवर गेलो. बाकीच्यांनी आपापल्या माळा दहाव्यालाच गुपचूप नेल्या होत्या. एकच उरली होती. तिकिटाच्या मागे आबांच्या अक्षरात नाव, एक भोक.

"कधी ठेवली होती?"

"मागच्या गटारीला. श्रावण लागला की न्यायची म्हटलं, तर बुवाच गेले. मंग कोणाकडं मागणार?"

"म्हणजे वर्षभर?"

"वर्षभर," तो म्हणाला. चेहरा दुःखी ठेवायचा त्यानं मनापासून प्रयत्न केला. पण गालांवर बाळसं धरलं होतं, ते लपेना.

आबांचा पंच मी शोधून आणला, दुसरं भोक पाडलं आणि माळ त्याच्या गळ्यात घातली. घालताना जरा घट्ट झाली. त्यानं हात जोडले, डोळे पुसले, छत्री उघडली, चार पावलं गेला आणि परत आला.

"दादा, आता गौरी येतील. आमच्यात तिखटाचा निवेद असतो. दोन दिस ठेवून घ्याल ना? का पलीकडच्या वाडीतल्या नव्या बुवांकडं जाऊ?"

"ठेवतो," मी म्हणालो. "पण आता तिकीट पडेल. एक रुपया."

त्यानं दोन्ही खिसे चाचपले, वर आभाळाकडे बघितलं आणि म्हणाला, "सुट्टे नायत."